वननिवास व पदभ्रमण : नवेगाव–नागझिरा

अरण्यात अथवा अरण्यालगत तंबू, कुटी, विश्रामगृह किंवा फिरते निवासवाहन यांच्या आश्रयाने तात्पुरता मुक्काम करणे व त्या परिसरात पायी हिंडणे, यास वननिवास व पदभ्रमण असे म्हणतात. मनोरंजन, निसर्गनिरीक्षण, शिक्षण व आरोग्य हे त्याचे प्रमुख हेतू होत. महाराष्ट्रात पदभ्रमणाचा छंद मुख्यत्वे सह्याद्रीच्या गडकोटांभोवती वाढला. तेथे चढण व माथा यांना महत्त्व असते. राज्याच्या पूर्व टोकाच्या गोंदिया जिल्ह्यात डोंगर ठेंगणे आहेत. परंतु तलाव, भातखाचरे व वाघांचा वावर असलेली पानझडी अरण्ये एकमेकांस लागून आहेत. त्यामुळे येथील वननिवासाचे स्वरूप निराळे असून त्याला कायद्याच्या, सुरक्षिततेच्या व स्थानिकांच्या हक्कांच्या मर्यादा आहेत. कोठे मुक्काम करावा, कोठे चालावे व कोठे थांबावे, हे या मर्यादांवरून ठरते.

क्षेत्रपरिचय : गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याच्या दक्षिण भागात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव राष्ट्रीय उद्यान (स्थापना १९७५, क्षेत्रफळ सु. १३४ चौ. किमी.) असून उत्तरेस भंडारा जिल्ह्याच्या सीमेलगत नागझिरा अभयारण्य (स्थापना १९७०, सु. १५३ चौ. किमी.) आहे. २०१२ मध्ये या दोहोंलगतची वने अनुक्रमे नवेगाव अभयारण्य व नवीन नागझिरा अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०१३ मध्ये भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्याची त्यांत भर पडली. या पाचही क्षेत्रांचा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्प करण्यात आला. महाराष्ट्रातील हा पाचवा व्याघ्र प्रकल्प होय. त्याचे गाभा क्षेत्र सु. ६५५ चौ. किमी. असून भोवती मध्यवर्ती संरक्षणपट्टा म्हणजे ‘बफर’ क्षेत्र आहे.

वने दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारची असून त्यांत साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह, जांभूळ, कुसुम इ. वृक्ष व बांबूची बेटे आढळतात. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, रानगवा, सांबर, चितळ, भेकर, चौशिंगा, नीलगाय व रानडुक्कर हे येथील प्रमुख सस्तन प्राणी होत. नवेगावबांध तलावावर हिवाळ्यात पट्टकादंब, तलवार बदक, लालसरी इ. स्थलांतरी पक्षी उतरतात. सारस हा महाराष्ट्रात दुर्मिळ झालेला पक्षी आता मुख्यत्वे याच जिल्ह्यातील तलावकाठी व भातशेतीत टिकून आहे. उन्हाळा प्रखर असून मे महिन्यात तापमान ४५° से. च्या आसपास पोहोचते. पावसाळा दमदार असतो. हिवाळ्यातील रात्री थंड व दिवस कोरडे असल्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुक्कामास सर्वांत सुखावह काळ ठरतो.

पूर्वपीठिका : छंद म्हणून वननिवास येथे अलीकडचा असला, तरी अरण्यातील मुक्काम ही या प्रदेशाची जुनी रीत आहे. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून मध्य भारतात वाहतूक करणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे पाणवठ्याजवळ उतरत. मोहफुले व तेंदूपाने यांच्या हंगामात गावकरी पहाटेच रानात जातात. नवेगावबांधचा तलावच मुळी अशा श्रमांतून निर्माण झाला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने डोंगरांमधील खिंडी बांधांनी अडवून हा सु. ११ चौ. किमी. विस्ताराचा जलाशय तयार केला, असे मानले जाते. सभोवारच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. या सात देवतांच्या साहाय्याने बांध उभा राहिला, अशी लोकश्रुती आहे. कोलू पाटील पुढे कोलासुर या नावाने देवत्व पावला. तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाने या भागात अनेक लहानमोठे तलाव व बोड्या निर्माण केल्या. बांधाला येथे पाळ आणि पाणी सोडण्याच्या मोरीला तुडुम म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी पद्धती नष्ट झाल्यावर हे तलाव ‘माजी मालगुजारी’ किंवा संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

जिल्ह्यातील सामूहिक पदयात्रेचे व मुक्कामाचे ठळक उदाहरण म्हणजे कचारगडची यात्रा होय. सालेकसा तालुक्यात दरेकसा रेल्वे स्थानकानजीकच्या डोंगरात एक प्रशस्त नैसर्गिक गुहा आहे. गुहेत कोंडलेल्या ३३ मुलांची पारी कुपार लिंगो याने सुटका केली, अशी गोंडी परंपरा सांगते. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगण इ. राज्यांतून गोंड भाविक येथे जमतात, धनेगाव परिसरात मुक्काम करतात व रानवाटेने गुहेपर्यंत चालत जातात. या यात्रेत चालणे हा श्रद्धेचा भाग असतो. म्हणून कचारगडास जाणाऱ्या पदभ्रमण करणाऱ्याने हे पूजास्थान आहे याची जाणीव ठेवावयास हवी.

ब्रिटिश अमदानीत जिल्हाधिकारी व वनाधिकारी हिवाळ्यात तंबू, कनाती व बैलगाड्या घेऊन दौरे काढीत. जेम्स फॉरसिथ याचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ (१८७१) अशाच भटकंतीतून लिहिला गेला. या दौऱ्यांत शासकीय पाहणी व शिकार हातात हात घालून चालत. अरण्यातील वन विश्रामगृहेही प्रथम अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्यात आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचे युग संपले आणि विश्रामगृहांचा उपयोग निरीक्षक व प्रवासी करू लागले. नागझिऱ्याच्या तलावाकाठची निवासस्थाने अनेक दशके विजेविना होती. कंदिलाचा उजेड व तलावावर पाणी प्यावयास येणारी जनावरे हेच तेथील मुक्कामाचे आकर्षण असे.

मराठी साहित्यात या मुक्कामांना मोठे स्थान मिळाले. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे नागझिरा हे पुस्तक तेथील वास्तव्यातून उतरले. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांध येथे काढलेल्या काळातून पक्षी, वनस्पती व वनवासी यांविषयीचे विपुल लेखन झाले. तेथील निसर्गज्ञ माधवराव पाटील डोंगरवार यांचा सहवास त्यांना लाभला होता. किरण पुरंदरे यांचे सखा नागझिरा हेही दीर्घ वास्तव्यावर आधारलेले आहे. या तिघांच्या लेखनातून एक गोष्ट स्पष्ट होते : अरण्याचा परिचय अंतर कापण्याने होत नाही, एका जागी पुष्कळ काळ थांबण्याने होतो.

आधुनिक वननिवास व निवासवाहन : पश्चिमेत वननिवास हा संघटित छंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स याने ‘वाँडरर’ हे घोड्यांनी ओढावयाचे निवासवाहन बांधवून घेतले. केवळ सहलीसाठी केलेल्या आद्य निवासवाहनांत त्याची गणना होते. मोटारींच्या प्रसारानंतर मोटारीमागे जोडावयाचे निवासवाहन म्हणजे ‘ट्रेलर’ पुढे आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यलोस्टोन (१८७२) या राष्ट्रीय उद्यानापाठोपाठ निरनिराळ्या राज्यांनी आपापली उद्याने स्थापन केली. १९३३ ते १९४२ या काळात बेकार तरुणांकडून त्यांतील रस्ते, पाऊलवाटा, कुट्या व मुक्कामस्थळे मोठ्या प्रमाणावर तयार करवून घेण्यात आली.

या मुक्कामस्थळांच्या रचनेमागे एक वनशास्त्रीय निरीक्षण होते. वृक्षरोगतज्ञ एमिलिओ माइनेके याने असे दाखवून दिले, की मोटारी व माणसे यांच्या सततच्या वर्दळीने जमीन घट्ट होते, मुळांना हवा व पाणी मिळेनासे होते आणि ज्या वृक्षांच्या सावलीसाठी प्रवासी येतात तेच वृक्ष वाळतात. म्हणून त्याने १९३२ मध्ये एकदिशा वळणरस्ता, त्याला फुटलेले वाहनांचे ठराविक थांबे व प्रत्येक थांब्याजवळ नेमून दिलेली तंबूची जागा, अशी योजना सुचविली. जगातील पुष्कळशा उद्यानांत आजही हीच पद्धत दिसते. मुक्कामाची जागा ठरवून देण्यात प्रवाशाची अडवणूक करण्याचा हेतू नसून उरलेले अरण्य मोकळे राखणे हा आहे.

भारतात ओढवाहनापेक्षा स्वयंचलित निवासवाहन अधिक प्रचारात आहे. केरळ व महाराष्ट्र या राज्यांनी २०२१ मध्ये निवासवाहन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. महाराष्ट्राच्या धोरणात अशा वाहनांसाठी वीज, पाणी व सांडपाण्याची सोय असलेल्या वाहनतळांची कल्पना आहे. विदर्भाच्या ग्रामीण भागात यात्रेला जाताना बैलगाडीवर ताट्या किंवा घोंगडी टाकून तिचेच रात्रीचे घर करण्याची चाल होती. ती या वाहनांची दूरची पूर्वज म्हणता येईल.

ओढवाहन नेताना काही यांत्रिक गोष्टींची माहिती आवश्यक असते. सामानाचा जड भाग आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे व शक्य तितका खाली ठेवावा लागतो. जोडणीवर पडणारा भार ओढवाहनाच्या एकूण वजनाच्या सामान्यतः ५ ते १५ टक्के असतो. तो फार कमी झाल्यास वेगात असताना वाहनाची शेपूट डावीउजवीकडे झुलू लागते व मोटार आवरत नाही; फार वाढल्यास मोटारीची पुढील चाके हलकी होऊन सुकाणूची पकड सुटते. ओढवाहन झुलू लागल्यास सुकाणू सरळ धरून वेग हळूहळू कमी करणे हा उपाय होय. वेग वाढविणे किंवा मोटारीचा गतिरोधक एकाएकी दाबणे धोक्याचे ठरते. मागे घेताना ओढवाहन सुकाणूच्या विरुद्ध दिशेस वळते. जिल्ह्यातील वनरस्ते अरुंद व मातीचे असून नाल्यांवर सखल रपटे आहेत, वळविण्यास जागा नसते व पावसाळ्यात काळ्या चिखलात चाके रुततात. यांमुळे निवासवाहनाचे स्थान अरण्याच्या आत नसून मुख्य रस्त्यालगत, गावाजवळ किंवा पर्यटक संकुलाच्या आवारात आहे. तेथे वाहन उभे करून पुढील हिंडणे पायी अथवा वनखात्याच्या परवानगीच्या वाहनाने करणे सोयीचे ठरते.

कायदेशीर मर्यादा : अमेरिकेतील राज्य उद्यान व भारतातील राष्ट्रीय उद्यान यांत नामसादृश्य असले, तरी हेतूत भेद आहे. पहिल्यात लोकरंजनाला मोठे स्थान असते, तर दुसऱ्यात वन्यजीवांचे रक्षण सर्वप्रथम येते. १९७२ च्या अधिनियमानुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो. आग लावणे, शस्त्र बाळगणे व वन्यजीवांस अपायकारक द्रव्ये वापरणे यांस बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानात निर्बंध अधिक कडक असतात. २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटनास वाव आहे. त्यामुळे गाभ्यात पर्यटक ठरलेल्या रस्त्यांवरून मार्गदर्शकासह वाहनातून फिरतो. खाली उतरून हिंडणे किंवा मनास येईल तेथे तंबू ठोकणे त्यास करता येत नाही. पावसाळ्यात गाभ्यातील पर्यटन बंद असते. प्रवेशवेळा व शुल्क वेळोवेळी बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी वनखात्याकडून खात्री करून घेणे इष्ट.

पदभ्रमणाची स्थळे : या मर्यादा लक्षात घेता पायी हिंडण्यास योग्य अशी स्थळे मुख्यत्वे तलावकाठ, डोंगरमाथे व गाभ्याबाहेरील वने ही होत. नवेगावबांध येथे तलावाच्या पाळीवरून व काठच्या पर्यटन क्षेत्रातून सकाळी पक्षिनिरीक्षण करता येते. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील देवलगाव हे त्याचे नजीकचे स्थानक होय. त्याच तालुक्यात गाढवी नदीवरील इटियाडोह जलाशय व प्रतापगडचा डोंगर आहे. प्रतापगडावर किल्ल्याचे अवशेष, महादेवाचे स्थान व ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा असून महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. जवळच तिबेटी निर्वासितांची १९७२ मध्ये वसविलेली वसाहत आहे. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा व गोरेगाव तालुक्यातील चूलबंद हे तलाव वनवेष्टित आहेत. सालेकसा तालुक्यात हाजरा धबधबा व कचारगड ही ठिकाणे मुंबई–हावडा लोहमार्गाजवळ असून पावसाळ्यानंतरचे काही महिने तेथे चालण्यास उत्तम असतात.

चालताना पाहावयाच्या गोष्टी : सपाट अरण्यात दृष्टी दूरवर जात नाही, म्हणून कान व जमीन यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. धुळीच्या रस्त्यावरील ठशांत वाघ-बिबट्यांची नखे उमटत नाहीत, रानकुत्र्यांची उमटतात. अस्वलाच्या ठशात बोटांपुढे लांब नखांच्या खुणा दिसतात. वारुळे उकरलेली असली व विष्ठेत मोहाच्या किंवा तेंदूच्या बिया असल्या, तर अस्वलाचा वावर ओळखता येतो. वानराचा खाकरल्यासारखा आवाज, चितळाची शीळवजा किंकाळी, सांबराचा घुमणारा ‘पोंक’ व भेकराचे भुंकणे हे हिंस्र श्वापदाची सूचना देणारे आवाज आहेत. असा आवाज सतत येत असल्यास पुढे जाणे टाळून आल्या वाटेने परतावे. दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वनरक्षक याच खुणांची नोंद आखलेल्या रेषांवर पायी चालून करतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून प्राणी पाहण्याचा उपक्रमही राज्यात रूढ आहे. त्यात एकही पाऊल न चालता रात्रभर अरण्याचे निरीक्षण होते.

मुक्कामाची मांडणी : तंबूसाठी किंचित उंच, निचऱ्याची व आधीच वापरात असलेली जागा निवडावी. कोरडा नाला कितीही मऊ व सपाट दिसला, तरी तेथे मुक्काम करू नये. दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा रात्री अचानक येतो. वाळलेल्या किंवा पोखरलेल्या झाडाखाली, तसेच पाणवठ्यावर उतरणाऱ्या जनावरांच्या वाटेवर तंबू नसावा. भांडी घासणे, स्नान व शौच यांसाठी जलाशयापासून किमान ६० मी. अंतर राखावे, कारण मामा तलावांचे पाणी शेती, गुरे व मासेमारी यांना पुरविले जाते. अन्न तंबूत न ठेवता वाहनात बंद करावे. उष्टे फेकल्यास प्रथम वानरे व रानडुकरे सोकावतात आणि त्यांच्यामागे बिबट्या वस्तीजवळ येऊ लागतो. मोठा आवाज, ध्वनिवर्धक व झगझगीत दिवे वर्ज्य होत.

धोके व दक्षता : प्रवाशांना भीती वाघाची वाटते, परंतु अपाय बहुधा लहान कारणांनी होतो. मण्यार हा विषारी साप रात्री हिंडतो व जमिनीवर निजलेल्या माणसास अंथरुणात दंश करतो. दंशाची वेदना अत्यल्प असल्याने पुष्कळदा तो उशिरा ध्यानात येतो. सकाळी पोटदुखी, पापण्या जड होणे व गिळण्यास त्रास ही लक्षणे दिसतात. खाटेवर निजणे व मच्छरदाणीच्या कडा गादीखाली घट्ट खोचणे या दोन साध्या उपायांनी हा धोका फार मोठ्या प्रमाणात टळतो. मच्छरदाणीमुळे हिवतापापासूनही संरक्षण मिळते. सर्पदंश झाल्यास जखम चिरू नये, विष चोखू नये वा आवळपट्टी बांधू नये. रोग्याला चालू न देता दंश झालेला अवयव स्थिर ठेवून प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर एकच बहुगुणी प्रतिविष वापरतात.

अस्वल सर्वांत धोकादायक ठरते ते मोहाच्या हंगामात, म्हणजे साधारणपणे मार्च–एप्रिलमध्ये. त्याची दृष्टी व श्रवणशक्ती मंद असल्याने माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्यास कळत नाही व दचकून ते हल्ला करते. पहाटे व संध्याकाळी दाट झुडपांतून एकट्याने जाऊ नये. तिघाचौघांनी हळू बोलत चालावे. उन्हाळ्यात दुपारचे चालणे उष्माघातास निमंत्रण देते. पावसाळ्याच्या आरंभी विजा पडण्याचे प्रमाण मोठे असते. अशा वेळी एकाकी उंच झाडाखाली किंवा उघड्या बांधावर थांबू नये. पक्के घर किंवा बंद मोटार हा सुरक्षित आसरा होय. तंबूने विजेपासून संरक्षण मिळत नाही.

वणवा : फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत पानगळीचा जाड थर जमिनीवर असतो व एका ठिणगीने वणवा पेटतो. जमिनीलगतच्या आगीत उंच वृक्ष सहसा वाचतात. परंतु रोपे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कासवे व सरडे नष्ट होतात आणि पुढील हंगामातील चारा घटतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी पद्धतही वणव्यास कारण होते; तिच्याऐवजी झाडाखाली जाळी पसरण्याचा पर्याय सुचविण्यात येतो. वननिवासात शेकोटीची ओढ स्वाभाविक असली, तरी संरक्षित क्षेत्रात ती निषिद्ध आहे. गाभ्याबाहेर परवानगी असलेल्या ठिकाणीही पाचोळा दूर सारून, पाणी जवळ ठेवून, आकाराने लहान शेकोटी करावी आणि राख हाताला गार लागेपर्यंत विझवावी. वाळलेला लाकूडफाटा गोळा करणे टाळावे. पडलेला ओंडका हा कीटक, विंचू, सरडे व बुरशी यांचा निवारा असतो.

स्थानिकांचे अरण्य : ज्या वाटेवर प्रवासी हौसेने चालतो, त्याच वाटेवर गावकरी गरजेने चालतो. मोहफुले व तेंदूपाने हे अनेक कुटुंबांचे उन्हाळ्यातील रोख उत्पन्न असते आणि त्यासाठी पहाटेच्या अंधारात, वाघ-अस्वलांच्या वेळेलाच रानात शिरावे लागते. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने वननिवासींच्या अशा हक्कांस मान्यता दिली आहे. दुसरीकडे नवेगाव उद्यानाच्या अंतर्भागातील काही वस्त्यांचे बाहेर पुनर्वसन करण्यात आले. जेथून रहिवाशांनी घरे हलविली, तेथे चैनीसाठी येणाऱ्याने गोंगाट व कचरा करणे हे केवळ नियमबाह्य नसून अनुचितही आहे. मार्गदर्शक, वाहनचालक, खाणावळ व निवासव्यवस्था यांतून संरक्षणपट्ट्यातील तरुणांना रोजगार मिळाला, तर वाघ जगविण्यात त्यांचाही लाभ राहतो. म्हणून गावातील सोयींचा उपयोग करणे हे वननिवासाचे एक अंग मानावयास हवे.

संचारमार्ग : नवेगाव व नागझिरा ही दोन वने सलग नाहीत. त्यांच्यामधील शेते, गावे व विरळ वने ओलांडून वन्यप्राणी येजा करतात. मधून साकोली–देवरी भागातील राष्ट्रीय महामार्ग जातो. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ नावाचा वाघ असेच दीर्घ अंतर कापून २०१३ मध्ये उमरेड–करांडला अभयारण्यात पोहोचला. २०१६ नंतर तो आढळला नाही. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वनांतून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंदिया–कोहमारा मार्गावर मुर्दोलीच्या वनात मोटारीच्या धडकेने एक तरुण वाघ मृत्यू पावला. वाघांची संख्या वाढविण्यासाठी एकीकडे वाघिणी आणाव्या लागतात आणि दुसरीकडे वाढलेला वाघ रस्त्यावर मरतो, हा विरोध वननिवासास येणाऱ्याने विशेष लक्षात घ्यावयास हवा, कारण तोही याच रस्त्यांनी येतो. मागे जड ओढवाहन असल्यास मोटार थांबण्यास अधिक अंतर लागते. म्हणून वनपट्ट्यातून रात्रीचा प्रवास टाळणे, वेग कमी ठेवणे व जनावर दिसल्यास दिवे मंद करून थांबणे हे नियम तंबू ठोकण्याच्या नियमांइतकेच महत्त्वाचे ठरतात.

सारांश, नवेगाव–नागझिरा परिसरात वननिवासाचे सुयोग्य क्षेत्र तलावकाठ, गाव व गाभ्याबाहेरील वने हे आहे. गाभा हा वाटसरूचा नसून वन्यजीवांचा आहे. निवासवाहन गावाजवळ उभे करावे, तंबू नेमलेल्या जागी असावा, पाऊलवाट मार्गदर्शकाची असावी आणि रात्र शांततेची. मुक्काम उठविल्यानंतर त्या जागी दाबलेल्या गवताखेरीज दुसरी खूण उरू नये. असे झाले, तरच तीच जागा पुढील हिवाळ्यात प्रवाशाला आणि त्याच रात्री चितळांच्या कळपालाही उपयोगी पडते.